दाराशी आलेल्या तीन तारा

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आम्ही पुण्यातील एका जुन्या तीनमजली इमारतीत बिऱ्हाड हलविले. भांडी मांडून होण्याआधी घरात इंटरनेट आले पाहिजे, असा आता बहुतेक बिऱ्हाडांचा नियम झाला आहे. त्यास अनुसरून आम्हीही एका कंपनीकडे ब्रॉडबँडची मागणी नोंदविली. ठरल्या दिवसानंतर चार दिवसांनी एक तरुण तंत्रज्ञ खांद्यावर केबलचे वेटोळे आणि हातात शिडी घेऊन आला. तार आत घेण्यासाठी भिंतीला नवे भोक पाडण्याऐवजी एखादे जुनेच सापडते का, हे तो पाहू लागला. ते बैठकीच्या खोलीतील खिडकीच्या चौकटीशी सापडले. रंगाचे थर खरवडल्यावर दिसले की तेथे आधीच दोन तारा आहेत. एक काळी, दुपदरी, टेलिफोनची. दुसरी जाडसर आणि गोल, केबल टीव्हीची. त्याने त्यांच्या शेजारून आपली बारीक काचतंतूची तार आत सरकविली आणि विचारले, "काका, या जुन्या दोन्ही कापून टाकू का?"

आम्ही नको म्हणालो. घरमालकांची वस्तू, आपण कशाला हात लावा, हे एक कारण होतेच. परंतु खरे कारण असे की त्या एका भोकात आपल्या शहरांचा सुमारे पन्नास वर्षांचा इतिहास एकावर एक रचलेला होता, आणि तो आमच्या हातून तुटावा असे वाटेना. त्याच दुपारी त्याच इमारतीत जोडणीची आणखी एक मागणी झाली होती. तिचे पुढे काय झाले ते लेखाच्या शेवटी सांगू, कारण ते कळण्यासाठी आधी या तारांची हकिकत पाहणे आवश्यक आहे.

प्रथम काळी तार. हिंदुस्थानात टेलिफोन एक्स्चेंजचा अधिकृत आरंभ २८ जानेवारी १८८२ रोजी झाला. ओरिएंटल टेलिफोन कंपनीने कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे एक्स्चेंज उघडली. कलकत्त्याच्या एक्स्चेंजचे आरंभीचे वर्गणीदार ९३ होते. म्हणजे आपल्याकडे टेलिफोन आला तो खासगी कंपनीच्या हातून, आणि पेढ्या, गोद्या व साहेबांच्या बंगल्यांसाठी. तीनच वर्षांनी, १८८५ साली, इंडियन टेलिग्राफ ॲक्ट झाला. या कायद्याच्या चौथ्या कलमाने तारायंत्रे उभारण्याचा व चालविण्याचा अनन्य अधिकार सरकारकडे ठेवला, आणि टेलिफोनही 'तार' या शब्दाच्या पोटात गेला. १९४३ साली सरकारने मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील टेलिफोन कंपन्या ताब्यात घेतल्या. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा अवघ्या देशात सुमारे ८० हजार टेलिफोन होते.

त्यानंतर जे घडले ते मराठी भाषेनेच चांगले टिपून ठेवले आहे. आपण 'टेलिफोन घेतला' असे फारसे म्हणत नव्हतो. 'आमच्याकडे फोन आला' असे म्हणत होतो, जसे घरी पाहुणे येतात किंवा नळाला पाणी येते. त्याही आधी 'नंबर लागत' असे, म्हणजे प्रतीक्षायादीत आपली पाळी येत असे. मुंबईसारख्या शहरात दहा-दहा वर्षे थांबलेली कुटुंबे अपवादात्मक नव्हती. मुलाच्या मुंजीच्या वेळी भरलेल्या अर्जाचा फोन त्याच्या लग्नाला आला, अशा कथा घरोघरी होत्या. त्यांत अतिशयोक्ती असली तरी ती फार नसे. ज्यांच्याकडे फोन नसे ते आपल्या कार्डावर शेजाऱ्यांचा नंबर छापीत आणि त्यापुढे 'पीपी' ही दोन अक्षरे लिहीत. अशा शेजाऱ्यांच्या बैठकीच्या खोलीत, परक्यांच्या देखत, मृत्यूच्या आणि नोकरीच्या बातम्या ऐकण्याची सवय एका संपूर्ण पिढीला होती.

ही प्रतीक्षायादी एक नव्हती, अनेक होत्या. मोठी अनामत आगाऊ भरणाऱ्यांसाठी 'ओन युअर टेलिफोन' ही वेगळी रांग होती. डॉक्टर, पत्रकार, लघुउद्योजक अशांसाठी 'विशेष' रांग होती. आणि उरलेल्यांसाठी 'सर्वसाधारण'. खासदारांची शिफारस चाले, दूरध्वनी सल्लागार समित्यांच्या सदस्यांना मान असे. लाइनमन हा मोहल्ल्यातला वजनदार मनुष्य होता. दिवाळीला त्याच्या हातावर काही ठेवले नाही तर पुढल्या पावसात फोन मुका होई, अशी लोकांची श्रद्धा होती. थोडक्यात, दारापर्यंत येणारी ती दोन पदरांची तार तांब्याची असली तरी ती ओढली जाई ती प्रतिष्ठेच्या खांबांवरून.

या व्यवस्थेत तंत्रज्ञानच झाले नाही असे मात्र नाही. २६ नोव्हेंबर १९६० रोजी कानपूर व लखनौ यांच्या दरम्यान एसटीडी सुरू झाली आणि ट्रंक कॉलच्या बाईंना मध्ये न घालता परगावी बोलणे शक्य झाले. १९८४ साली सी-डॉटची स्थापना झाली. सॅम पित्रोदा यांच्या नावाशी जोडल्या गेलेल्या या संस्थेने धूळ, उकाडा आणि विजेचा लपंडाव सहन करील असे १२८ लाइनींचे छोटे ग्रामीण एक्स्चेंज तयार केले. त्यातील पहिले १९८६ साली कर्नाटकातील कित्तूर येथे बसले. त्याच वर्षी मुंबई व दिल्लीचे टेलिफोन महानगर टेलिफोन निगमकडे गेले. मग गावोगावी पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ आले. घरी तार आणता येत नाही, तर निदान कोपऱ्यावर आणू, हा तो विचार होता. आमच्या मते स्वतंत्र भारताच्या दूरसंचाराच्या इतिहासातील तो सर्वांत शहाणा विचारांपैकी एक होय.

१९९४ चे राष्ट्रीय दूरसंचार धोरण उघडून पाहिले तर पहिल्याच परिच्छेदांत हिशेब मांडलेला आढळतो: देशात सुमारे ८० लाख लाइनी, प्रतीक्षायादीवर सुमारे २५ लाख लोक, दर शंभर माणसांमागे ०.८ टेलिफोन, आणि ५,७६,४९० खेड्यांपैकी टेलिफोन पोहोचलेली जवळजवळ १.४ लाख. याच धोरणाने १९९७ पर्यंत 'मागेल त्याला टेलिफोन' देण्याचे वचन दिले. ते पाळले गेले नाही हे सर्वश्रुत आहे. परंतु या हिशेबातील एका आकड्याकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते: २५ लाख. ही मिळालेल्यांची संख्या नाही, न मिळालेल्यांची आहे. सरकार आपल्याच दस्तऐवजात आपले देणे लिहून ठेवीत होते.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सामान्यांसाठी खुले केले. मोडेम किंचाळत टेलिफोनच्या तारेवरून जोडणी करी आणि तेवढा वेळ घरचा फोन अडून राही. म्हणजे ज्याच्याकडे काळी तार होती तोच या नव्या जगात शिरू शकत होता; जुन्या रांगेत मागे राहिलेला नव्या रांगेतही आपोआप मागे राहिला. १९९८ च्या अखेरीस ही सेवा देण्याची मुभा खासगी कंपन्यांनाही मिळाली, पण तार मात्र सरकारचीच राहिली.

ही तार कोणाची, हा प्रश्न २००४ साली निर्णायक ठरला. ब्रॉडबँडचे तंत्र तोवर सिद्ध झाले होते. माणसाचा आवाज तांब्याच्या तारेतील सुमारे चार हजार हर्ट्झपर्यंतचा भाग वापरतो. त्यावरचा भाग रिकामा असतो. डीएसएल या तंत्राने त्या रिकाम्या भागातून माहिती नेता येते आणि बोलणे व इंटरनेट एकाच तारेवर एकाच वेळी चालते. घरात एक छोटा स्प्लिटर, एक्स्चेंजमध्ये एक यंत्र, आणि मधली तार होती तीच. अट एवढीच की एक्स्चेंज काही किलोमीटरांच्या आत हवे आणि तारेत जोड कमी हवेत. भारतात चार-पाच कोटी घरे व दुकाने अशी तयार होती. युरोपीय संघाने २००० च्या अखेरीस जुन्या टेलिफोन कंपन्यांना आपली तांब्याची तार प्रतिस्पर्ध्यांना भाड्याने देणे बंधनकारक केले होते. आपल्याकडे ट्रायनेही तशीच शिफारस केली. १४ ऑक्टोबर २००४ रोजी जाहीर झालेल्या ब्रॉडबँड धोरणाने ती स्वीकारली नाही. तारेचा वापर हा परस्पर कराराचा विषय म्हणून सोडून देण्यात आला, आणि असे करार अर्थातच फारसे झाले नाहीत.

बाजू दोन्हीकडून मांडता येते. सार्वजनिक पैशाने, सार्वजनिक कर्मचाऱ्यांनी साठ वर्षे पुरलेली तार खासगी कंपन्यांना का द्यावी, हा प्रश्न गैरवाजवी नव्हता. परंतु तिचा परिणाम काय झाला तेही पाहावे. जानेवारी २००५ मध्ये सरकारी कंपन्यांनी ब्रॉडबँड सुरू केले. धोरणाने 'ब्रॉडबँड' म्हणजे किमान २५६ केबीपीएस अशी व्याख्या केली होती. वाचकांपैकी अनेकांना आठवत असेल की तेव्हा महिन्याला मोजकीच माहिती उतरविता येई, आणि काही योजनांत रात्री २ ते सकाळी ८ एवढा वेळ मोजणी बंद असे. कित्येक तरुणांनी त्या काळात पहाटे उठण्याची सवय लावून घेतली, ती काही अभ्यासासाठी नव्हे. धोरणाचे उद्दिष्ट २०१० पर्यंत दोन कोटी जोडण्यांचे होते. त्या वर्षाच्या अखेरीस त्या सुमारे १.१ कोटी झाल्या.

ज्यांना तांब्याच्या तारेत जागा नव्हती त्यांनी दुसरी वाट शोधली, आणि येथे आमच्या खिडकीतील दुसरी तार येते. १९९१ च्या आखाती युद्धाच्या सुमारास शहरांतल्या गच्च्यांवर तबकड्या उगवल्या आणि 'केबलवाला' नावाचा एक नवा व्यवसाय जन्माला आला. त्याने कोणाचीही परवानगी न घेता गच्चीवरून गच्चीवर, झाडावरून खांबावर तारा टाकल्या. कायदा त्याच्यामागून १९९५ साली आला. दहा वर्षांनी इंटरनेट कंपन्यांना दारापर्यंत पोहोचावयाचे होते तेव्हा हा मनुष्य तयारच होता. त्याला गल्ली ठाऊक होती, सोसायटीचे सेक्रेटरी ठाऊक होते, कोणत्या घरी वृद्ध दांपत्य राहते आणि कोणाकडे महिन्याच्या पाच तारखेपूर्वी पैसे मागू नयेत, हेही ठाऊक होते. मुंबई-पुण्यात कित्येकांचे पहिले 'नेट' असे केबलवाल्याकडून, गच्चीवरून लोंबत आलेल्या तारेतून आले. वीज कडाडली की ते जाई, आणि त्याचा मुलगा पावसात भिजत येऊन ते परत जोडी. या माणसाच्या इतिहासावर मराठीत स्वतंत्र लिखाण व्हावयास हवे. सरकारने जी तार वाटून दिली नाही तिची उणीव त्याने आपल्या शिडीने भरून काढली. मात्र तीही वाट सरळ नव्हती. प्रत्येक गल्ली ही कोणाच्या तरी हद्दीत होती, आणि हद्दीबाहेरच्याला तेथे तार टाकता येत नसे.

तिसरी तार काचेची. केसासारख्या काचेतून प्रकाश जातो. एक्स्चेंजपासूनचे अंतर तिला तांब्याइतके बाधत नाही. तिला गंज चढत नाही. तंत्रज्ञाने आमच्या दारात बसून तिचे टोक सोलले, एका छोट्या यंत्रात दोन टोके समोरासमोर धरून ती वितळवून जोडली आणि म्हणाला, "जास्त वाकवू नका, प्रकाश गळतो." टेलिफोनच्या एक्स्चेंजला ४८ व्होल्टच्या बॅटऱ्या असत, म्हणून वीज गेली तरी काळा फोन चालू राही. काचेतून वीज येत नाही. घरची वीज गेली की तिच्या टोकाची पेटी गप्प होते. सुधारणेत काही तरी हरवतेच, याचे हे लहानसे उदाहरण.

२०२० च्या टाळेबंदीने ही तार चैनीतून निकडीत आणली. शाळा तिच्यावर भरली, कचेऱ्या तिच्यावर चालल्या. न्यायालयांनीही भाषा बदलली. २०१९ साली केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेट वापरण्याचा संबंध शिक्षणाच्या व खासगीपणाच्या अधिकाराशी जोडला. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोच ही जीविताच्या अधिकाराचा भाग मानली. टेलिफोन बिलाच्या तक्रारी १८८५ च्या कायद्यातील लवादाच्या कलमामुळे ग्राहक मंचात नेता येत नाहीत, असा निर्णय याच न्यायालयाने २००९ साली दिला होता. तो २०२२ मध्ये मागे पडला. वर्गणीदाराचा असा हळूहळू ग्राहक झाला, आणि ग्राहकाचा आता हक्कदार होऊ घातला आहे, असे वाटावे. जुन्या कायद्याची जागाही २०२३ च्या दूरसंचार कायद्याने २०२४ पासून टप्प्याटप्प्याने घेण्यास सुरुवात केली.

आता त्या दुपारच्या दुसऱ्या मागणीकडे वळू. आमच्या इमारतीचे रखवालदार जिन्याखालच्या खोलीत सहकुटुंब राहतात. त्यांची मुलगी बारावीला आहे. तंत्रज्ञ खाली उतरला तेव्हा त्यांनी त्याला थांबवून विचारले, "भाऊ, आमच्या खोलीत मिळेल का? पैसे भरतो." त्याने आपल्या फोनवर इमारतीचा पत्ता उघडला. फ्लॅटांची यादी आली. जिन्याखालच्या खोलीला क्रमांक नव्हता. "काका, तुमची खोली यात दिसतच नाही," तो म्हणाला. तो उर्मट नव्हता, ओशाळला होता. त्याने दुसऱ्या मार्गाने प्रयत्न करून पाहिला; पडद्यावर उत्तर आले की या पत्त्यावर सेवा उपलब्ध नाही. ज्या पेटीतून आमची तार वर गेली ती पेटी त्यांच्या दारापासून चार हातांवर आहे.

या प्रसंगातील सर्वांत बोचरी गोष्ट आमच्या मते नकार ही नव्हे. नकार पूर्वीही मिळत होता. गोष्ट ही की त्या नकाराची कोठेही नोंद झाली नाही. अर्ज घेतला गेला नाही, म्हणून तो फेटाळलाही गेला नाही. ट्रायच्या २००६ च्या सेवा-गुणवत्ता नियमांनी ब्रॉडबँडची जोडणी पंधरा कामकाजाच्या दिवसांत द्यावी असे सांगितले होते, पण त्याला 'तांत्रिकदृष्ट्या शक्य असल्यास' अशी पुस्ती होती. जे शक्य नाही ते विलंबात मोजले जात नाही. जे विलंबात मोजले जात नाही त्याबद्दल लोकसभेत प्रश्न विचारता येत नाही, वर्तमानपत्रात आकडा छापता येत नाही, आणि पुढच्या धोरणाच्या पहिल्या परिच्छेदात ते येत नाही.

जुन्या प्रतीक्षायादीचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. ती अन्यायी होती. अनामतीचे पैसे नसलेला मनुष्य त्या यादीतही नव्हता. १९९४ च्या त्या २५ लाखांत जिन्याखालचे रहिवासी किती असतील याची कल्पना करता येते. परंतु ती यादी होती. तिच्यामुळे मध्यमवर्गाला तरी राज्यकर्त्यांकडे बोट दाखवून आकडा सांगता आला, आणि त्या रागातून सी-डॉट, पिवळे बूथ, १९९४ चे वचन या गोष्टी काही अंशी जन्मल्या. २०२४ च्या अखेरीस देशातील सुमारे ९४ कोटी ब्रॉडबँड वर्गणीदारांपैकी तारेने जोडलेले सुमारे चार कोटी होते, बाकीचे मोबाइलवर. हा आकडा दरमहा प्रसिद्ध होतो, तो जोडलेल्यांचा. थांबलेल्यांचा आकडा त्यात येत नाही. बहुतेकांनी मोबाइलवर भागवून घेतले असे गृहीत धरले जाते. पण भागवून घेणे आणि मागणी नसणे यांत फरक आहे. घरातील एकच फोन वडिलांबरोबर ड्यूटीवर गेला की बारावीतल्या मुलीचे भागत नाही.

उपाय अवघड नाही. दूरसंचार कंपन्या आपल्या समायोजित महसुलाचे पाच टक्के सार्वत्रिक सेवेसाठी देत आल्या आहेत. २०११ पासून त्याच निधीतून ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतू नेण्याचे काम चालू आहे, आणि तो दोन लाखांहून अधिक पंचायतींपर्यंत गेलाही आहे. तेथेही तार कचेरीच्या भिंतीशी थांबते आणि घरांकडचे शेवटचे अंतर उरतेच. अशा वेळी निदान एवढे व्हावे, की 'सेवा उपलब्ध नाही' असे ज्याला सांगितले त्याचा अर्ज कारणासह नोंदवून घ्यावा, आणि त्या अर्जांची बेरीज जोडण्यांच्या बेरजेशेजारी छापावी. पूर्वीच्या टेलिफोन खात्याला, त्याच्या सर्व दोषांसह, एवढे जमत होते.

रखवालदारांच्या घरी सध्या आमच्याच जोडणीचा पासवर्ड दिलेला आहे. पहिल्या मजल्यावरून जिन्याखाली सिग्नल क्षीण येतो. मुलगी पुस्तके घेऊन तिसऱ्या पायरीवर बसते, तेथे तो बरा मिळतो. शेजाऱ्यांच्या घरी 'पीपी' फोन घ्यावयास जाणारे आमचे वडील अशाच संकोचाने दाराशी उभे राहत असत, हे आम्हांस तिच्याकडे पाहून आठवते. फरक एवढाच की वडिलांच्या खिशात टेलिफोन खात्याची एक पावती होती, आणि तिच्यावर त्यांचा क्रमांक लिहिलेला होता.